रकाना सातवा

सहा रकाने भरून झालेत.
नाव. जन्मतारीख: चौतीस पूर्ण, मर्यादा पस्तीस.
प्रबंधाचं शीर्षक, जे आईला एकदा वाचून दाखवलं
तर म्हणाली, यात श्वास कुठे घ्यायचा गं?
सातवा मोकळा आहे.
‘हाच प्रश्न का? अडीचशे शब्दांत.’

रात्रीचे साडेअकरा. इंदिरानगरच्या खिडकीतून
महामार्गावरचे ट्रक गिअर बदलताना ऐकू येतात.
तिकडे लॅबमध्ये, द्रव नायट्रोजनच्या टाकीत,
उणे एकशे शहाण्णववर
हर्षल गांगुर्डेच्या पेशी झोपल्यात.
राहणार ननाशी. वय अकरा.
नमुना त्याच्या मामानेच आणून दिला होता,
थर्माकोलच्या खोक्यात, आइस्क्रीमवाल्याकडचा बर्फ घालून.
बर्फ नको होता खरं तर.
मी काही बोलले नाही.
त्याने एवढंच विचारलं,
हे इथेच कळंल, का मुंबईला न्यावं लागंल?

लिहिते:
पेशीला बाहेरून निरोप येतो.
दारातला रेणू शेजारच्याच्या पाठीवर
फॉस्फेटची थाप मारतो, तो पुढच्याच्या,
असं करत बातमी केंद्रकापर्यंत जाते: वाढ.
मग कुणीतरी मागून येऊन
एकेक थाप पुसत जातो. पुरे. थांब.
ल्युकेमियात निरोप कुणी धाडलेलाच नसतो
आणि पेशी आपली हो हो म्हणत वाढत राहते.

खोडते.
निवड समितीला हे पाठ असणार.

गोळीने मोठा रस्ता अडवला, तो पाच महिने अडला.
मार्चमध्ये पेशींनी आतून वाट काढली,
द्वारका तुंबली की रिक्षावाले काढतात तशी.
कुठली गल्ली, ते आम्हाला अजून सापडलेलं नाही.
हे लिहावं का? लिहिते.
‘गल्ली’ खोडून ‘पर्यायी संदेशमार्ग’ करते
आणि मामाचा आवाज त्या वाक्यातून निघून जातो.
त्याचा फोन अजून येतो.
आता रिपोर्टसाठी नाही.
नागलीचं पीठ पाठवू का, ताई, म्हणतो.

समितीला जे माहीत नाही, ते असं आहे:
आप्पा तांबट लेनमध्ये हंडे ठोकायचे.
पन्नाशीच्या आत दोन्ही कान गेले.
त्यानंतरही अकरा वर्षं ठोकत होते,
डावा तळवा भांड्याच्या आत, उजव्या हातात हातोडा.
एक ठोका जास्त पडला की पत्रा चिरतो.
त्यांचा चिरलेला मी पाहिला नाही.
कसं कळतं, मी पाटीवर लिहून विचारलं होतं, सहावीत.
म्हणाले, तांबंच सांगतं, बास आता.
मला शिकवा.
शिकवता येत नाही. शेजारी बसावं लागतं.

आई विचारते, डॉक्टर झालीस ना?
मग पुन्हा उमेदवारी कसली?
दोन वर्षांची, आई. तीही कराराची.
जिथे डिसेंबरात दुपारी चारला अंधार पडतो
तिथल्या एका बाईंच्या शेजारी,
ज्यांनी बावीस वर्षं एकाच रेणूवर
तळवा ठेवलेला आहे.
पर्मनंट का? नाही.
तिकीट कोण देणार? बघू.
आई कुकरची शिटी काढून धुवायला घेते.
हा तिचा होकारही असू शकतो.

सातव्या रकान्यातलं सगळं पुसून
एक वाक्य टाइप करते:
मला शेजारी बसायचं आहे.
कोपऱ्यातला आकडा सांगतो, शिल्लक दोनशे शेहेचाळीस.

आप्पा पाणी प्यायला उठलेत.
जाता जाता लॅपटॉपच्या पाठीवर
डावा तळवा टेकवतात, सवयीने, जरा वेळ.
तापलंय, म्हणतात. बंद कर आता.

थांबा ना आप्पा, मी म्हणते,
मोठ्याने,
त्यांना ऐकू येत नाही हे विसरून.